बॉयलरचा काटा खाली आला की काय करायचं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे इंग्लंडमध्ये घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर आठवड्याभरात मला एकाच प्रकारची पत्रं यायला लागतात. उन्हाळाभर बंद असलेलं हीटिंग कुणीतरी पहिल्यांदा चालू करतं आणि घर आणि पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर ढिम्म. यंदा एवढी पत्रं आलीत की या वेळचं सदर फक्त बॉयलरच्या प्रेशरलाच, म्हणजे त्याच्यावरचा काटा दाखवतो त्या पाण्याच्या दाबालाच दिलंय. मी इथे २१ वर्षं हीटिंगचं काम करतोय, मराठी घरांमध्येही भरपूर जाणं होतं, आणि उत्तरं द्यायच्या आधीच एक सांगून ठेवतो. प्रेशर भरणं हे तुमचं स्वतःचं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तेच काम दर आठवड्याला करावं लागत असेल तर पाणी कुठेतरी जातंय, आणि ते कुठे जातंय हे शोधायलाच हवं.

प्रश्न : नमस्कार दादा. सासूबाई-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. परवा सकाळी उठलो तर घर गारठलेलं, नळाला गरम पाणी नाही, बॉयलरवर एफ २२ असं येतंय आणि काटा पार शून्याला टेकलाय. नवरा कामासाठी बाहेरगावी. एका कंपनीला फोन केला तर नुसतं येऊन बघायचे ९० पौंड म्हणाले, तेही दोन दिवसांनी. व्हिडिओ बघितले पण हात लावायची भीती वाटते, काही फुटलंबिटलं तर? सासरे म्हणतात आमच्याकडचा बंब कधी असा रुसून बसत नव्हता. (स्लाऊ)

ताई, आधी एक, घाबरू नका, हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि तुम्हाला नक्की जमणारंय. सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे, बंब रुसत नाही, कारण बंबात गार पाणी ओतलं की गरम पाणी तोटीतून बाहेर येतं, सगळं उघडं, त्यात दाब साठायला जागाच नाही. तुमच्या कॉम्बी बॉयलरचं, म्हणजे हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या बॉयलरचं, तसं नाही. रेडिएटरमधून फिरणारं पाणी हे एक बंद वर्तुळ आहे, तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं, आणि ते वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरपर्यंत भरलेलं राहायला त्याला थोडा दाब लागतो. साधारण १० मीटर उंच पाण्याचा जेवढा दाब तेवढा म्हणजे १ बार. म्हणून गार असताना काटा १ ते १.५ च्या मध्ये हवा. तो अर्ध्याच्या खाली गेला की बॉयलर स्वतःहून बंद होतो, कारण पुरेसं पाणी नसताना पेटला तर आतला भाग जळेल. एफ २२ म्हणजे तेच, वेलंट कंपनीच्या बॉयलरची भाषा आहे ती, त्यावरून तुमचा बॉयलर त्यांचा दिसतो, दुसऱ्या कंपनीचा बॉयलर असता तर दुसरा आकडा दिसला असता, आयडियलच्या बऱ्याच मॉडेलवर एफ १ येतं, बॅक्सीच्या काहींवर ई ११९. म्हणजे बॉयलर बिघडलेला नाही, तो स्वतःला सांभाळतोय.

आता करायचं काय ते सांगतो तसं शांतपणे करा. बॉयलर चालू होता का? असेल तर बंद करून पाऊणएक तास गार होऊ द्या, तुमचा तसाही गारच आहे. मग खाली वाकून बॉयलरच्या पोटाखाली बघा. तांब्याचे चार-पाच पाइप खाली येताना दिसतील आणि त्यांच्यात एक चंदेरी विणीचा, वाकणारा, बोटाएवढा जाड होज दिसेल, आपल्याकडे वॉशबेसिनच्या नळाला खालून जोडतात ना तसाच. त्याला म्हणतात फिलिंग लूप. एका टोकाला घरात येणारं गार पाणी, दुसऱ्या टोकाला हीटिंगचं वर्तुळ. दोन्ही टोकांना छोटे कॉक असतात, कधी एकाच टोकाला. कॉकची दांडी पाइपला आडवी असेल तर बंद, पाइपच्या रेषेत आली की चालू. काही कॉकांना दांडी नसते, नुसती खाच असते, ती चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायची.

पहिला कॉक पूर्ण उघडा. दुसरा अगदी हळू उघडा. स्स्स असा पाणी जाण्याचा आवाज येईल, तो आला की समजा बरोबर चाललंय. नजर काट्यावर. बॉयलर उंचावर असेल आणि एकाच वेळी काटा आणि कॉक दोन्ही दिसत नसतील तर सासऱ्यांना काट्यासमोर उभं करा आणि "एक झालं, सव्वा झालं" असं मोठ्याने सांगायला लावा, मी स्वतः कितीतरी घरांत आजी-आजोबांकडून हे करून घेतलंय आणि त्यांना ते फार आवडतं. काटा १.२ - १.३ ला आला की आधी दुसरा कॉक बंद, मग पहिला. दोन्ही घट्ट. आणि मग काहीच न बोलता दहा सेकंद ऐका, स्स्स आवाज पूर्ण थांबला पाहिजे. बारीकसा जरी येत राहिला तरी एखादा कॉक नीट बसलेला नाही आणि रात्रभरात प्रेशर चढत जाईल. त्यानंतर बॉयलरवरचं रिसेटचं बटण काही सेकंद दाबून धरा. बॉयलर थोडा वेळ नुसता पंप फिरवेल, मग पेटेल.

होज सापडलाच नाही तर? दोन शक्यता. नियमाप्रमाणे भरून झाल्यावर होज काढून ठेवायचा असतो, म्हणजे रेडिएटरचं घाण पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात जायला नको, हा १९९९ च्या पाणी जोडणीच्या नियमांतला मुद्दा आहे, म्हणून कुणीतरी तो काढून बॉयलरच्या वर नाहीतर मीटरच्या कपाटात ठेवलेला असतो. दुसरी शक्यता, बॉयलरमध्येच आतून सोय असते, वुस्टर कंपनीच्या काही बॉयलरना प्लास्टिकची चपटी किल्ली येते. ती खालच्या खोबणीत उघड्या कुलपाच्या खुणेसमोर घालायची, बंद कुलपाच्या खुणेकडे फिरवायची म्हणजे ती जागेवर पक्की बसते, आणि मग शेजारची पांढरी चौकोनी मूठ हळू उलटी फिरवायची, की पाणी जायला लागतं. झाल्यावर मूठ बंद, किल्ली परत फिरवून बाहेर. किल्ली काढताना वाटीभर पाणी सांडतं, ते सांडणारच, खाली फडकं धरा आणि काही मोडलं असं समजू नका.

फुटण्याची भीती म्हणाल तर जसा कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तसा याला आहे, ३ बारला तो उघडतो आणि पाणी घराबाहेर सोडतो. फक्त एक पाळा, बॉयलरचं समोरचं झाकण स्क्रू काढून उघडायचं नाही. झाकणाच्या बाहेरचे पाण्याचे कॉक तुमचे, आतलं आणि गॅसचं सगळं गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाव असलेल्या इंजिनिअरचं. तो आला की ओळखपत्र मागून बघा, मागच्या बाजूला त्याला कोणकोणत्या कामाची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, आणि चांगला माणूस ते दाखवायला कधी नाराज होत नाही. आणि गॅसचा वास आला तर प्रेशरचं सगळं सोडून खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा, दिवसरात्र चालू असतो.

प्रश्न : तुमच्यासारखंच कुणीतरी सांगितलं म्हणून मी प्रेशर भरायला गेलो, मधेच दारावरची बेल वाजली, परत येईपर्यंत काटा लाल भागात, जवळजवळ ३ वर. आता बॉयलर चालू करू का? (हाउन्स्लो)

नका करू अजून. गार असताना ३ म्हणजे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडणारच, आणि एकदा उघडला की त्याच्या रबराखाली गाळाचा एखादा कण अडकतो आणि मग तो पुन्हा नीट मिटत नाही, कायम ठिबकत बसतो. हे टाळणं अगदी सोपं आहे. खालच्या मजल्यावरचा एखादा रेडिएटर निवडा, त्याच्या वरच्या कोपऱ्यात ब्लीड करायचं, म्हणजे अडकलेली हवा सोडायचं छोटं चौकोनी टोक असतं, त्याच्याखाली पातेलं धरा, भिंतीला जुना टॉवेल लावा, आणि ब्लीडची चावी पाव ते अर्धा आटा डावीकडे फिरवा. पाणी येऊ द्या. काळं येईल, घाबरू नका, पण फिकट गालिचा असेल तर जपा कारण तो डाग जाता जात नाही. अधूनमधून काटा बघा, १.३ ला आला की बंद. चावी पूर्ण काढायची नाही, आटा पूर्ण सोडला तर ते टोक हातात येतं आणि मग बोटाने भोक दाबून मदतीला हाका मारायची वेळ येते, एका घरी मी पोचलो तेव्हा गृहस्थ वीस मिनिटं तसेच बसलेले होते.

आणखी एक बघा. न भरताच काटा आपोआप चढत असेल, हीटिंग बंद असताना, तर फिलिंग लूपचा कॉक आतून झिजलाय. होज काढून ठेवा आणि एक दिवस बघा. तरीही चढला तर बॉयलरच्या आतल्या प्लेटला, जिच्यात हीटिंगच्या पाण्याने नळाचं पाणी तापतं तिला, बारीक छिद्र पडून नळाचं पाणी हीटिंगमध्ये शिरत असण्याची शक्यता असते, ते इंजिनिअरचं काम.

प्रश्न : दर तीन-चार दिवसांनी प्रेशर भरावं लागतं. सकाळी १.३ करतो, रात्री हीटिंग चालू असताना बघितलं तर २.८, आणि दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर ०.४. घरात कुठेही ओल नाही, सगळे रेडिएटर हात लावून बघितले. भरायला दोन मिनिटं लागतात त्यामुळे भरत राहिलो तर काय बिघडलं? (मिल्टन कीन्स)

तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय, फक्त ते तीन आकडे एका ओळीत वाचायचे. १.३, २.८, ०.४. असे आकडे टिपून ठेवणारी माणसं मला फार आवडतात कारण अर्धं निदान फोनवरच होतं.

पाणी तापलं की फुगतं, १० अंशांवरून ८० अंशांवर नेलं तर जवळजवळ ३ टक्के. घरभरच्या रेडिएटरमध्ये मिळून १०० लिटर पाणी धरलं तर तीनएक लिटर जास्तीचं. वर्तुळ बंद आहे, मग या तीन लिटरने जायचं कुठे? त्यासाठी बॉयलरच्या आत एक पत्र्याचा डबा असतो, एक्स्पान्शन व्हेसल, साधारण ८-१० लिटरचा. त्याच्या मधोमध रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन, पाऊण ते १ बार दाबाने भरलेला. पाणी फुगलं की पडदा हवेच्या बाजूला दबतो, गार झालं की परत येतो, फुग्यासारखा. तब्येतीत असलेल्या घरात गार असताना १.३ असलेला काटा गरम झाल्यावर १.६ - १.८, फार तर २ पर्यंत जातो आणि परत खाली येतो.

तुमचा २.८ ला जातोय म्हणजे त्या डब्यातली हवा गेलीय. वर्षानुवर्षं थोडी थोडी जातेच, सायकलच्या ट्यूबमधली जाते तशी. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, दाब ३ ला पोचतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, तांब्याभर पाणी बाहेर टाकतो, आणि रात्री सगळं गार झालं की तेवढंच पाणी कमी पडतं, म्हणून ०.४. घरात ओल कशी सापडेल, पाणी घराबाहेर जातंय.

खात्री करायची तर बॉयलर ज्या भिंतीवर आहे तिच्या बाहेरच्या बाजूला जा. तांब्याचा १५ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीएवढा जाड पाइप भिंतीतून बाहेर येऊन खाली किंवा परत भिंतीकडे वळवलेला दिसेल. हीटिंग बंद असताना त्याच्या तोंडाला फ्रीजरची छोटी पारदर्शक पिशवी सैलसर अडकवा, रबर लावून. सकाळी बघा. मागच्या वर्षी एका घरी हेच केलं, मंडळी दोन हिवाळे गळती शोधत होती, जेवणाच्या खोलीतली लाकडी जमीन उचकटायचं ठरवून कारागिराला आगाऊ पैसेही दिले होते. सकाळी त्या पिशवीत पेलाभर पाणी होतं, चहाच्या रंगाचं, तळाशी काळी रेघ. जमीन वाचली. भिंतीवर पाइपच्या खाली पांढरट-हिरवट ओघळ असेल तर पिशवी लावायचीही गरज नाही, तो ओघळच पुरावा आहे. पिशवी लावली असताना त्या पाइपखाली मुलांना खेळू देऊ नका, येणारं पाणी उकळतं असू शकतं.

दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा नुसती हवा भरणं. डब्यावर गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो, इंजिनिअर हीटिंगचं पाणी शून्यावर आणतो आणि पंपाने हवा भरतो. शून्यावर न आणता भरणारे पण भेटतात, ते मोजमाप खोटं येतं, म्हणून विचारा. त्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, मग डबा बदलायचा नाहीतर बाहेर दुसरा जोडायचा. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एवढ्या वेळा उघडलाय तर तोही बघायला सांगा, तो ठिबकत राहिला तर डबा भरूनही प्रेशर उतरणार आणि तुम्हाला वाटेल पैसे वाया गेले.

आता तुमचं शेवटचं वाक्य, भरत राहिलो तर काय बिघडलं. बिघडतं हो, आणि मला याच्याबद्दल कळकळीने सांगायचंय कारण दोन मिनिटांच्या या सवयीने चांगले बॉयलर गेलेले मी बघितलेत. बंद वर्तुळातलं जुनं पाणी दिसायला घाण असलं तरी त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, म्हणून ते लोखंडाला फारसं खात नाही. शिवाय त्यात गंज रोखणारं रसायन घातलेलं असतं, इनहिबिटर म्हणतात. तुम्ही नळाचं ताजं पाणी भरलं की ताजा ऑक्सिजन आला, रसायन पातळ झालं, आणि मिल्टन कीन्सचं काय किंवा लंडनचं काय, इकडच्या जड पाण्यातले क्षारही आले. रेडिएटर आतून गंजतो, त्याची काळी बारीक पूड होते, मॅग्नेटाइट, ती तळाशी साठते. रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर हवा, खाली गार आणि वर गरम असेल तर हा गाळ, हे हाताने कळतं. तोच गाळ पुढे पंपात आणि बॉयलरच्या बारीक नळ्यांत जातो. वर्षातून एकदा-दोनदा भरणं चालतं. आठवड्याला भरणं म्हणजे दर आठवड्याला थोडा थोडा गंज विकत घेणं. डबा दुरुस्त झाला की इनहिबिटर पुन्हा घालून घ्या आणि लोहचुंबकाचा फिल्टर नसेल तर बसवून घ्या.

बाहेरचा पाइप कोरडा निघाला असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा मग रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या नटांना टिश्यू पेपर लावून बघायचा, पाइप जिथे जमिनीत शिरतो तिथे गालिचा उचलून बघायचा, छताला पिवळट गोल डाग आहे का बघायचं. बारीक ठिबक गरम पाइपवर लगेच वाळते, त्यामुळे हीटिंग बंद करून दोन तासांनी शोधा, तेव्हाच सापडते. तरीही नाही सापडलं तर इंजिनिअर बॉयलरखालचे हीटिंगचे दोन व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून बघतो. तेवढ्यात प्रेशर उतरलं तर दोष बॉयलरमध्ये, टिकलं आणि उघडल्यावर उतरलं तर घरातल्या पाइपांत. गळती बंद करणारी बाटली ओतून मोकळं व्हा असं कुणी सुचवलं तर आधी हा तपास झालाय का ते विचारा.

प्रश्न : आमच्या बाबांचं म्हणणं आहे की शॉवरला धार कमी येते म्हणून बॉयलरचं प्रेशर अडीचला ठेवायचं. यावरून घरात रोज वाद. कोण बरोबर? (हॅरो)

बाबांना नमस्कार सांगा, आणि पुण्या-मुंबईत टाकीच्या उंचीवर आणि प्रेशर पंपावर धार ठरते त्यामुळे त्यांना असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण इथे काट्यावरचं प्रेशर फक्त रेडिएटरच्या वर्तुळाचं असतं. शॉवरचं पाणी रस्त्यावरच्या मेनमधून येतं, बॉयलरमधून जाताना फक्त तापतं, त्या वर्तुळात ते मिसळतच नाही. काटा अडीचला ठेवल्याने धार तसूभरही वाढणार नाही, उलट गरम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडेल. शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घाला, क्षार धरलेले असतील. गार पाण्याची धारही कमी असेल तर स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक, पूर्ण उघडा आहे का बघा. गार जोरात आणि गरमच बारीक असेल तर मात्र बॉयलरच्या आतल्या प्लेटमध्ये क्षार साठलेत.

प्रश्न : काटाच सापडत नाही हो! जुनं टेरेस घर घेतलंय, बॉयलर स्वयंपाकघरात, माळ्यावर दोन टाक्या. (लेस्टर)

तुमच्याकडे काटा नाहीच, शोधणं थांबवा. तुमची पद्धत जुनी, उघडी, आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखी. मोठी टाकी नळांसाठी आणि छोटी टाकी रेडिएटरचं पाणी भरून काढायला, तिच्यात फ्लोट व्हॉल्व्ह असतो, कमी झालं की तीच भरते. वर्षातून एकदा माळ्यावर चढून छोट्या टाकीत पाणी आहे ना आणि चेंडू हलतोय ना ते बघा, न वापरल्याने तो अडकून बसतो. तुमच्याकडे गळती झाली तर काटा ओरडून सांगणार नाही, टाकी गुपचूप भरत राहील, म्हणून छतावरचे डाग तुम्हीच बघत राहायचे.

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये. इथे होज जोडलेलाच नसतो, सुटा मिळतो, घरमालकाने हातात दिला आणि गेला. (ॲम्स्टलवेन)

तुमच्याकडे हे काम घरोघरी लोक स्वतःच करतात आणि प्रेशरही थोडं जास्त, दीड ते २ बार ठेवतात. पद्धत तीच, फक्त एक गोष्ट वेगळी आणि महत्त्वाची. सुट्या होजमध्ये हवा भरलेली असते, ती तशीच आत ढकलली तर रेडिएटर गुडगुडायला लागतात. म्हणून होजचं एक टोक वॉशिंग मशीनच्या नळाला लावा, दुसरं टोक बादलीत धरून हळू नळ सोडा, होज पूर्ण पाण्याने भरला, बुडबुडे थांबले की नळ बंद करा आणि मग ते टोक हीटिंगच्या भरायच्या कॉकला लावा. काढायच्या आधी कॉक बंद, नळ बंद, खाली बादली. आटे हाताने घट्ट करा, आत वायसर आहे ना ते बघा, बहुतेक ठिबक त्या हरवलेल्या वायसरमुळे असते.

प्रश्न : दादा, मी मास्टर्सला आलोय, पाच जण एका घरात. बॉयलर बारा दिवस बंद, प्रेशर भरलं की दोन तासांत शून्य. लँडलॉर्ड म्हणतो वापरता तुम्ही, करून घ्या तुम्ही. (मँचेस्टर)

नाही मित्रा, असं नसतं. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, तुझ्या करारात उलटं लिहिलेलं असलं तरी. एखाद वेळी प्रेशर भरणं तू केलंस तर चांगलंच, पण दोन तासांत शून्य होणं ही दुरुस्ती आहे. फोनवर बोलू नकोस, ईमेल कर, काट्याचे दोन फोटो जोड, भरल्यावरचा आणि दोन तासांनंतरचा, त्यावर वेळ दिसली पाहिजे. तोवर परत परत भरत बसू नकोस, पाणी कुणाच्या तरी छतात मुरत असेल. त्याच ईमेलमध्ये यंदाच्या गॅस तपासणीचं सर्टिफिकेट माग, ते दर वर्षी करून भाडेकरूला देणं बंधनकारक आहे. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॉयलरच्या खोलीत आहे का बघ, १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात तोही घरमालकानेच द्यायचाय. उत्तर नाही आलं तर काउन्सिलच्या हाउसिंग विभागाला लिही, युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट्स युनियनमध्ये विनामूल्य सल्ला मिळतो तिथेही जा, एकटा लढू नकोस. पाचही जणांनी सही कर­णं जास्त बरं.

प्रश्न : प्रेशर बरोबर १.४, तरी कडाक्याच्या थंडीत पहाटे बॉयलर बंद पडतो आणि आत गुडगुड आवाज येतो. (बर्मिंगहॅम)

हा प्रेशरचा प्रश्नच नाही, काट्याला हात लावू नका. २००५ नंतर बसवलेले बहुतेक सगळे बॉयलर कंडेन्सिंग आहेत, ते धुरातली वाफ गार करून उष्णता परत मिळवतात आणि उरलेलं पाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपने बाहेर सोडतात. तो पाइप बाहेर गोठला की पाणी आत तुंबतं, गुडगुडतं आणि बॉयलर बंद होतो. डिसेंबर २०१० मध्ये जी थंडी पडली होती तेव्हा आम्ही आठवडाभर हेच एक काम करत होतो. शेकायची रबरी पिशवी त्या पाइपवर बांधा, किंवा कोमट पाणी तांब्याने हळूहळू ओता, उकळतं मुळीच नको, पाइप तडकतो. वळणापाशी आणि टोकाशी बर्फ जास्त धरतो. सुटलं की रिसेट करा. पुढच्या उन्हाळ्यात बाहेरचा पाइप ३२ मिलिमीटरचा करून त्याला जाड लॅगिंग, म्हणजे थंडीपासून वाचवणारं आवरण घाला.

प्रश्न : डिसेंबरमध्ये भाचीच्या लग्नाला पाच आठवडे कोल्हापूरला चाललोय. बॉयलर बंद करून जावं का? (रेडिंग)

बंद करू नका. बॉयलरला गोठण्यापासून वाचवणारी सोय आत असते, पण ती चालायला वीज चालू पाहिजे, गॅस चालू पाहिजे आणि प्रेशर पुरेसं पाहिजे. मेन स्विच बंद करून गेलेल्या आणि परत आल्यावर दिवाणखान्यात तळं सापडलेल्या घरात मी गेलोय, त्या ताई बॅगा हातात घेऊन पायरीवर रडत बसल्या होत्या, ते अजून डोळ्यासमोर आहे.

निघायच्या दोन आठवडे आधी प्रेशर १.३ ला आणा आणि त्या दोन आठवड्यांत ते टिकतंय का बघा, उतरत असेल तर आधी दुरुस्ती, मग लग्न. थर्मोस्टॅट १२ - १५ अंशांवर ठेवा. विम्याच्या कागदात हिवाळ्यात रिकाम्या घराचं काय लिहिलंय ते वाचा, काही कंपन्या ठरावीक तापमान ठेवायची अट घालतात. फिलिंग लूपचे दोन्ही कॉक बंद, होज काढून ठेवा. मग सिंकखालचा स्टॉपकॉक बंद करून जा, हीटिंगचं वर्तुळ वेगळं असल्याने ते स्टॉपकॉक बंद असूनही चालू राहतं, आणि एखादा नळाचा पाइप फुटलाच तर घर बुडत नाही. माळ्याची झडप थोडी उघडी ठेवा म्हणजे वर ऊब जाईल. शेजारच्यांना किल्ली द्या, आणि काट्याचा आजचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवून ठेवा, आठवड्यातून एकदा आत येऊन काटा फोटोतल्या जागेवरच आहे ना एवढंच बघायचं. परत येताना त्यांच्यासाठी चटणी नाहीतर लाडू आणायला विसरू नका.